अबरीवरचा अंगठा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. हे मी कोणी न विचारताही सांगते.

माझे अप्पा पुस्तकं बांधायचे. तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमच्या घराला तिण्णै आहे, रस्त्याकडचा ओटा, तिथेच त्यांचं काम चालायचं. पुठ्ठ्याच्या आतून लावायचा नक्षीचा कागद, म्हणजे अबरी, तोही ते स्वतः करायचे. पसरट ट्रेमध्ये मेथीचं बुळबुळीत पाणी ओतायचं, त्यावर रंग शिंपडायचे, काडीने ओढायचे, मग कागद अलगद पालथा घालून उचलायचा. पाण्यावरची नक्षी कागदावर येते. कशी आणायची ते अप्पांना पक्कं ठाऊक होतं. का येते ते नव्हतं. "तू कॉलेजात जा," ते म्हणायचे, "आणि शिकून येऊन मला सांग."

मी केमिस्ट्री घेतली, शाळेत शिकवायला लागले आणि त्यांना सगळं सांगितलंही. कागदाला आधी तुरटीचं पाणी पुसतात म्हणूनच रंग त्याला धरतो, वगैरे. त्यांनी मान डोलवून ऐकलं. "बरं झालं, कारण निघालं," म्हणाले, आणि तुरटीचा स्पंज उचलला.

ते गेल्यावर आईचं जेवण सुटलं. म्हणजे ताटावर बसायची, रसमभात कालवायची आणि तिण्णैकडे बघत राहायची. कालवलेला भात तसाच वाळायचा. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, पण असंच चाललं तर होईल. मी रागावले, हातापाया पडले. शेवटी एका रविवारी माळ्यावरून अप्पांचा ट्रे काढला. घरात पुन्हा मेथीचा वास आला तर ती जेवेल, एवढाच माझा हिशेब.

अप्पांचे रंग डब्यांत दगड होऊन बसले होते. ते मातीचे रंग विकणारं दुकानही आता नाही. म्हणून मी अ‍ॅक्रिलिक आणले. पहिल्यांदा ट्यूबमधले आणले, तिथेच चुकले. ट्यूबचा रंग लोण्यासारखा घट्ट. कितीही फेटून पातळ केला तरी त्याच्या गुठळ्या ट्रेच्या तळाशी जाऊन बसायच्या. मग बाटलीतले, मुळात पातळ असलेले आणले आणि दुधाइतके सैल केले. तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. तांबडा पडला की सगळ्यांना काठाला ढकलतो. पिवळा जागचा हलत नाही. काळा आधी टाकला तर त्याच्या बारीक शिरा होतात, शेवटी टाकला तर तो सगळा कागदच खातो. म्हणून प्रत्येक रंगाचा एक थेंब आधी वेगळ्या भांड्यात टाकून बघायचा. मी कॉफीचा डवरा घेतला.

"अग्गे, डवऱ्यात रंग कालवतेस! मी कॉफी कशात पिऊ आता?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. बऱ्याच दिवसांत ती ओरडली नव्हती. मला बरं वाटलं.

आमच्याकडच्या उन्हात अ‍ॅक्रिलिक फार घाई करतो. पाण्यावर असतानाच त्याला साय धरते आणि काडी लावली की नक्षी फाटते. पंखा बंद करायचा, वर्तमानपत्राच्या पट्टीने साय ओढून काढायची, आणि पुन्हा शिंपडायचं. घामाने भिजत मी पहिला धड कागद उचलला, पाण्याखाली धरून धुतला आणि दोरीवर टाकला.

आई हात पुसत आली. कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तिने बोट ठेवलं. तिथे रंग नव्हता. लांबट, पांढरा, कोरा ठिपका.

"आले," ती म्हणाली.

आत जाऊन तिने अप्पांचे उरलेले कागद आणले. प्रत्येकावर त्याच कोपऱ्यात तसाच ठिपका. मी तो कधी बघितला नव्हता, कारण बांधताना अप्पा तो कोपरा चामड्याखाली दुमडून टाकायचे. आईने मात्र उभा जन्म ते कागद वाळत घातले होते. "त्यांचा अंगठा हा," ती म्हणाली आणि दुपारी पोटभर जेवली.

पुढे दर रविवारी तेच. मी कागद उचलायचा, तिने कोपरा बघायचा, मग ताट घ्यायचं. पण खरं सांगते, तिण्णैवर एकटीने काम करायला मला नको वाटू लागलं. मी रंग शिंपडायची आणि पाठीमागे कोणी उकिडवं बसलंय असं वाटायचं. वळून बघितलं तर नुसती दोरी आणि तिच्यावरचे कागद. सगळ्यांचे पांढरे कोपरे एका ओळीत.

तिरुवैयारूच्या एका वीणा शिकवणाऱ्या बाईंनी विद्यार्थ्यांच्या वह्यांसाठी कागद सांगितले होते. नमुना बघून त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "अम्मा, रंग फार छान. पण हे काय, सगळ्यांवर अंगठा उठवलाय? माझ्या मुलांना सही करता येते हो."

मला ते लागलं. घरी येऊन मी कारण शोधायला बसले. ट्रे उलट दिशेने ठेवून बघितला, पाणी बदललं, रंग बदलले. ठिपका तिथेच. मग कोरा कागद घेऊन पहिल्यापासून एकेक कृती सावकाश केली, आणि तुरटी पुसतानाच थांबले. उजव्या हातात स्पंज होता. कागद सरकू नये म्हणून डाव्या अंगठ्याने कोपरा दाबला होता. अंगठ्याखाली तुरटी पोचत नाही. तुरटी नाही तिथे रंग धरत नाही, धुताना निघून जातो. एवढंच.

बाईंचे कागद मी फळीला चिमटे लावून केले. चिमट्याला कडेची रेघभर जागा पुरते. कोपरे स्वच्छ आले.

आईने दोरीवरचा एकेक कागद उलटून बघितला. जेवायला बसली, भात कालवला आणि हात तसाच ठेवला. "आज नाही आले," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू शिकलेली आहेस. त्यांनी तुला त्यासाठीच पाठवलं. खरं सांग, ते येतात कां गे?"

हो म्हणणं सोपं होतं. पण अप्पांनी मला हो म्हणायला शिकवलं नव्हतं.

"नाही, आई. तो माझा अंगठा आहे." मी तिला स्पंज दाखवला, कागद दाबून दाखवला, तुरटीचं सांगितलं.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. "असं दाबायला तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"त्यांनी?"

"त्यांनी मला स्पंजाला हात कधी लावू दिला? म्हणायचे, जा, पुस्तक घे."

"मग?" आई म्हणाली.

लहानपणी पायरीवर बसून अभ्यास करताना डोळ्यांना दिसलं असेल, एवढंच म्हणता येईल. ते मी म्हणाले. आईने ऐकलं, ऐकताना घास घेतला, मग दुसरा. "आपले कागद चिमट्यांनी करू नक्को," ती म्हणाली.

आता बाहेरचे कागद चिमट्यांनी करते, घरचे हाताने. परवा असाच एक वाळलेला कागद घेऊन मी त्या ठिपक्यावर माझा अंगठा ठेवला. चारही बाजूंनी पांढरं उरलं. अंगठ्याचं तेल कागदात थोडं पसरतं, तिथेही तुरटी नीट लागत नाही. हे कारण बरोबर आहे. पण कागद दोरीवर परत टाकल्यावर तिण्णैकडे पाठ करून आत जायला जरा वेळ लागला.