डबीतला हिरवा चष्मा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. 'माझ्यापासून याचं काही लपत नाही,' असं ती चारचौघांत सांगत असते. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ताराचंदभाऊंना ओळखत नाही म्हणून — एवढंच असेल. त्यांना ओळखणाऱ्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही, हे सहा वर्षं बघतोय.

नागपुरात, इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानात मी कामाला आहे. मालक गल्ल्यावर, मी बाकी सगळीकडे. आमच्याकडे घेतलेल्या भांड्यावर नाव घालून मिळतं. ते घालायचे ताराचंदभाऊ. रोज उमरेडहून एसटीने यायचे. हातातलं छोटं यंत्र घरघरायचं आणि ते तांब्या मांडीवर फिरवत, नाक जवळजवळ टेकवून लिहायचे — कुणाकडून, कुणाला, कुठल्या गावाहून. अक्षर असं वळणदार की बाया त्यांच्याच हातचं नाव मागायच्या. बोट फिरवलं तर हाताला लागायचं.

मग मालकाने लेझरचं मशीन आणलं. नाव टाइप करायचं, भांडं खाली ठेवायचं, बटण दाबायचं. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. स्टीलवरून उलटून डोळ्यात गेला तरी त्या क्षणी कळत नाही. मशीन बसवायला आलेल्या माणसाने हे पुन्हा पुन्हा बजावलं आणि एक चष्मा दिला. जड, हिरवा, बाजूंनी बंद, खास या किरणासाठी बनवलेला. तो लावल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. ताराचंदभाऊंनी एकदाही हयगय केली नाही. एकदाही नाही — हे मुद्दाम दोनदा लिहितोय.

दसऱ्याला दुकानात हत्यारांची पूजा असते. ताराचंदभाऊ त्या दिवशी सुट्टीवर असत, घरची सगळी मंडळी दीक्षाभूमीवर यायची. म्हणून मशीन मीच पुसलं, हार घातला, आणि उत्साहाच्या भरात चष्म्यालाही हळदकुंकू लावलं — थेट काचांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाळून घट्ट बसलेलं. भांड्यांवरचे डाग काढायला थिनरची बाटली असतेच. बोळा भिजवला आणि घासलं. कुंकू गेलं, काचाही गेल्या. काचा कसल्या, प्लास्टिकच होतं ते. पांढुरकं पडलं, बारीक तडे गेले, आरपार काही दिसेना.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते, नाही का? मालकाला सांगायचं, नवा येईपर्यंत मशीन बंद ठेवायचं, झालं. पण आमचा मालक गिऱ्हाइकांसमोर पाणउतारा करतो. लग्नाच्या ऑर्डरीही येऊन पडलेल्या. मला त्याच्या तोंडाची भीती वाटली. खरं सांगतो — एवढ्याशाच गोष्टीची. मागच्या गल्लीत हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि तसाच दिसणारा हिरवा चष्मा आणला. डोळ्यात कण उडू नये म्हणून कामगार लावतात, तसला. तो जुन्या डबीत ठेवून दिला. खराब झालेला घरी नेऊन कचऱ्यात टाकला.

ताराचंदभाऊंनी तो लावला आणि थांबले. "मधुभाऊ, हा बदलला का गा? पहिल्यावानी जड नाही लागून राहिला."

"कंपनीचाच आहे, नवा पाठवला," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी सांगितलं ना, मग संपलं. दिवाळी झाली की गुपचूप खरा मागवू, असं मी मनात ठरवलं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली. ते दिवसभर भांड्यांवर वाकलेले असायचे, सवयीप्रमाणे नाक टेकवून, अगदी निर्धास्त. मी बघत होतो. रोज बघत होतो.

एक दिवस त्यांनी ताट माझ्यापुढे धरलं. "अक्षराचं पोट दिसत नाही गा मले. नुसत्या कडा दिसून राहिल्या."

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा मधोमध भाजलाय, गेलं ते परत येणार नाही. मग विचारलं — चष्मा लावत होते का? ताराचंदभाऊंनी माझ्याकडे तोंड वळवलं. 'हो' त्यांच्या ओठांवर आलेलं होतं. हो म्हटलं असतं तर डॉक्टरांनी चष्मा बघायला मागितला असता. म्हणून आधी मी बोललो. कधी लावायचे, म्हटलं, कधी राहून जायचा. त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या बायको, प्रमिलाताई, शेजारीच होत्या. "चष्मा होता ना, मंग काहून नाही लावला?" हे त्या तेव्हापासून विचारतात. घरात सगळेच विचारतात. पोरं म्हणतात, बाबांनी स्वतःच्या हातानं करून घेतलं.

त्याच आठवड्यात, जुन्यावर ओरखडे पडलेत असं सांगून मी खरा चष्मा मागवला. मालक काहीही बोलला नाही. एक शब्द नाही. आता मशीनवर दुसरा माणूस बसतो आणि तो चष्मा लावतो. त्याच्याकडे बघवत नाही मला.

ताराचंदभाऊ अजून तपासणीला नागपूरला येतात. डॉक्टरांकडे नेतो मीच, उमरेडच्या गाडीत बसवूनही मीच देतो, कारण पाटी वाचता येत नाही त्यांना. सख्ख्या भावासारखं करतो म्हणून दुकानात माझं कौतुक होतं. मी ते ऐकून घेतो.

गेल्या महिन्यात स्टँडवर त्यांनी माझा हात धरला. "खरं सांग गा मधुभाऊ. मी लावत होतो ना? मले तं रोज लावल्यासारखंच वाटते."

सहा वर्षं झाली, आणि माणूस अजून स्वतःच्या आठवणीला विचारतोय. मी म्हणालो, आता इतकं कुठं आठवते. तेवढ्यात गाडी लागली. मी पाटी वाचली आणि त्यांना हाताला धरून वर चढवलं.

लावत होते. रोज. डबीतून काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे, दोन्ही कानांवर नीट बसवायचे, आणि मगच बटण दाबायचे.