बीटच्या सुपात मूगडाळीचं पाणी कसं आलं

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, की तिकडच्या आजीच्या बीटच्या सुपात हल्ली हाडांऐवजी मूगडाळीचं पाणी का असतं. ती म्हणते, नंदुरबारच्या आजीला विचारा. फोनवर सांगितलं तर अर्धवट कळेल, म्हणून क्रमाने लिहिते.

गेल्या हिवाळ्यात तुमचे आईबाबा तिला घेऊन पोलंडहून इथे आले तेव्हा शाळेमुळे तुम्ही तिकडेच राहिलात. ऐन मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेर मैदानांवर मिरची वाळत घातलेली. गाडीतून ते पाहून तिने तुमच्या आईला विचारलं, एवढा लाल गालिचा कुणासाठी अंथरलाय. मग वारा फिरला आणि घर येईपर्यंत ती शिंकत राहिली.

पहिल्या दिवशी मी शेवभाजी केली, अगदी बिनतिखट. आपल्या घरात बिनतिखट म्हणजे निम्म्या मिरच्या, हे तोपर्यंत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी वरणावरची लाल फोडणी बाधली. त्यानंतर तिने आपला एक नियम करून टाकला: लाल काही खायचं नाही. भात, दही, केळं आणि उकडलेला बटाटा, एवढंच. गाजराचा हलवा परत गेला. डाळिंबाचे दाणे परत गेले. कलिंगडाची फोड मी स्वतः तिच्यासमोर खाऊन दाखवली, तर तिने माझ्याकडे फार आदराने पाहिलं आणि केळं सोलायला घेतलं. हळदीकुंकवाला मी करंडा पुढे केला तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली.

तुमची आई तिला समजावत होती, पण तिचा शब्द आता चालत नव्हता. बारा वर्षं तुमच्या बाबांच्या हातचं खाऊन तिची जीभ खानदेशी झाली आहे. शेवभाजीच्या वेळीही "काही तिखट नाही" असं तिनेच सांगितलं होतं.

चौथा दिवस उजाडला. पाचव्या दिवशी सकाळी त्यांची सुरतेकडची गाडी होती. विहीण आपल्या घरी येऊन केळ्यांवर राहिली, हे मला सहन होत नव्हतं. तिचा चेहराही उतरला होता. मी ठरवलं, जाण्याआधी एक जेवण तरी ती पोटभर जेवली पाहिजे, आणि तेही तिच्या स्वतःच्या देशाचं.

तुमच्या आईकडून मी त्यांच्या सुपाची कृती उतरून घेतली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे त्यांचं: गुराची हाडं तीन तास उकळून, चरबीत परतलेलं पीठ, वर घट्ट आंबट साय. उजवी बाजू मला भरायची होती. आपल्या घरात हाडं शिजत नाहीत, आणि पित्ताशय काढल्यापासून विहिणीलाही चरबी मना होती. म्हणजे दोन्हीकडून हलकंच हवं होतं. हाडांच्या जागी मूगडाळीचं वरचं पाणी लिहिलं. पिठाच्या जागी काहीच नाही. सायीच्या जागी फडक्यात बांधून ठेवलेलं दही. ते लोक वरून जी पाल्याची भाजी घालतात तिचा फोटो पाहिला, तर तो आपला शेपू निघाला. आंबटपणाला लिंबू. बीट, कोबी, बटाटा सगळं वजनकाट्यावर मोजून घेतलं. त्या दिवशी मिरचीचा डबा मी स्वयंपाकघरातून उचलून देवघरात ठेवला.

लिंबू पिळताच सूप झगझगीत लाल झालं. रंग पाहून मला फार समाधान वाटलं. एवढं सगळं टिपून ठेवणाऱ्या मला, आणि तुमच्या आईलाही, त्या रंगात काही अडचण दिसली नाही.

वाटी समोर आली तशी विहिणीने हात मांडीवर ठेवले. तुमची आई म्हणाली, "अगं आई, हे तुझंच सूप आहे." ती म्हणाली, आमचं इतकं लाल नसतं. यात यांनी काहीतरी घातलंय.

तेवढ्यात साडेबारा झाले आणि तुमचे मोठे आजोबा, म्हणजे माझे जेठ, पानावर येऊन बसले. तुम्हाला माहीत आहे, ते माझ्याशी बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलू नये, ही जुनी रीत. मी इंग्रजीत एम.ए. होऊन या घरात आले त्यालाही आता पंचेचाळीस वर्षं झाली, पण ते भिंतीशी बोलतात आणि मीही भिंतीलाच उत्तर देते. त्यांनी लाल वाटी पाहिली, खुश झाले, बाजरीची भाकरी त्यात चुरली आणि टक्कल पुसायचा टॉवेल सवयीने खांद्यावर टाकला. रस्सा खाताना त्यांच्या डोक्यावर घामाच्या धारा लागतात. विहिणीने हे आधीचे तीन दिवस रोज पाहिलं होतं.

पहिल्या घासानंतर ते थांबले. दुसरा घेतला. मग भिंतीला म्हणाले, "लाल शे, मंग तिखट का बरं नही? नंदुरबारमा मिरची सरनी का?"

मी भिंतीला म्हटलं, "आज मुद्दाम घातली नाही, म्हणावं. विहीणबाईंसाठी केलंय."

"असं," ते भिंतीला म्हणाले आणि गुमान खाऊ लागले, औषध घ्यावं तसं.

विहिणीला यातलं अक्षर कळलं नाही. ती त्यांच्या टकलाकडे बघत होती. वाटी अर्धी झाली, टक्कल कोरडं. वाटी संपली, टक्कल कोरडं. खांद्यावरचा टॉवेल घडी न मोडता तसाच. तिने थोडं वाकून दुसऱ्या बाजूनेही पाहून घेतलं. मग चमचा उचलला.

पहिला चमचा तिने नुसता जिभेवर घोळवला. दुसऱ्याला तुमच्या आईला म्हणाली, हे आमचं नाही. तिसऱ्यानंतर म्हणाली, पण चांगलं आहे, यात हाडं नाहीत तर काय आहे? मी आत जाऊन मूगडाळीचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला. तिने डाळ चिमटीत घेऊन पाहिली आणि माझ्या वहीची उजवी बाजू फोनने टिपून घेतली. तीन वाट्या जेवली. मी मोजल्या.

जेठांचं लक्ष होतंच. तिने तिसरी वाटी घेतली तसे ते भिंतीला म्हणाले, "याहीनले जेवन जमनं ना? मंग आते मन्हा वाटकामा ठेचा वाढा."

याहीन म्हणजे विहीण. मी त्यांच्या रिकाम्या वाटीत परत सूप घातलं आणि वर ठेचा वाढला. ते कालवून खाऊ लागले आणि दोन मिनिटांत त्यांच्या टकलावर घाम फुटला. विहिणीने ते पाहिलं, आपली वाटी हळूच स्वतःकडे ओढली आणि डावा हात तिच्याभोवती आडवा धरून उरलेलं सूप संपवलं.