धनेशाच्या झाडाकडे पाठ

मेंढी व्यायला लागली की राणीसावरगावचे मेंढकेमामा तिच्याकडे पाठ करून बसायचे. घोंगडी अंथरायची, तोंड दुसरीकडे करायचं आणि नुसत्या कानांनी राखण करायची. कुणी डोकावलं की खेकसायचे, "बगू नगंस तिला! भेली की पिलाला जवळ घेत न्हाई."

त्यांच्यामागे माळ तुडवून मी लांडग्यांवर माझं पहिलं पत्रक लिहिलं. म्हणून आमच्या निसर्गमंडळाची सहल सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात, तिथल्या राष्ट्रीय उद्यानात निघाली, तेव्हा हट्टानं त्यांनाही नेलं. 'स्थानिकांचं ज्ञान' हे शब्द आमच्या प्रत्येक पत्रकात असतात. म्हटलं, एकदा तो स्थानिक माणूस गाडीत तरी बसू दे.

जंगलात भरदुपारी ऊन जमिनीला टेकत नव्हतं. मामा म्हणाले, "लय गार हाय, पण इथं घोंगडी वाळायची कशी?" शेकरूनं वरून अर्धवट कुरतडलेलं फळ टाकलं तर खूश! "आपल्या शेळीवानीच हाय की. अर्धं खातंय, अर्धं सांडतंय."

मग गाइडनं एका उंच झाडाखाली थांबवलं. वरच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला स्वतःला आत लिंपून घेते, फट तेवढी ठेवते. नर फळं आणून भरवतो. एवढं सांगून या शहाण्यानं मोबाइलवर धनेशाचा आवाज लावला! खाली वीसेक कॅमेरे. नर समोरच्या झाडावर चोचीत फळ धरून या फांदीवरून त्या फांदीवर, पण जवळ येईना. फटीतून चोच बाहेर आली, रिकामीच आत गेली. माझाही मोबाइल वरच होता. माझा, पत्रकं लिहिणारीचा.

मामांनी घोंगडी आपटली. "बाळंतिणीच्या दारात हुबं ऱ्हाऊन काय करायलाव? उपाशी हाय ती! सरा मागं, पाठी करा!"

"ओ काका, ही तुमची मेंढरं नाहीत," गाइड म्हणाला.

"मेंढरं बरी. हाकलल्यावर सरत्यात तरी."

काठी आडवी धरून त्यांनी सगळ्यांना लांबवर रेटलं आणि झाडाकडे पाठ करून बसवलं. बऱ्याच वेळानं डोक्यावरून पंखांची जड घरघर गेली. कुणालाच काही दिसलं नाही. मामा हळूच म्हणाले, "आला. खाऊ दे तिला."

फाटकावर तक्रार झाली, 'पर्यटकांना त्रास' म्हणून. आमच्या अध्यक्षांनी गाइडपुढे हात जोडले आणि मामांना एकट्यालाच परतीच्या एसटीत बसवलं. खिडकीतून मामांनी विचारलं, "पोरी, माजं काय चुकलं?"

मी म्हणाले, "मामा, नंतर बोलू."

तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून नंतर राणीसावरगावला गेलेच नाही. या उन्हाळ्यात मामा वारले. मंडळाच्या नव्या पुस्तिकेत आमच्या पाठींचा फोटो आहे, खाली ओळ: 'घरट्याचा मान राखणारे आमचे शिस्तप्रिय सदस्य'. मामांना कापलंय. कोपऱ्यात घोंगडीचा काठ तेवढा कापायचा राहिलाय.

मामा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. त्या एसटीत तुमच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि मी खाली उभी राहिले.