यार्मिलाबाईंचा होकार

परिषदेला आलेली माणसं परिषदेत नसतात, हे प्रागमध्ये बस चालवणाऱ्या कुणालाही विचारा. सकाळी उद्घाटनाला टाळ्या वाजवायच्या, आणि दुपारपासून गळ्यात नावाचा बिल्ला लटकवून किल्ला, पूल, बिअर. घरी गेल्यावर सांगायचं, फार दमणूक झाली. यंदा मे महिन्यात कानाचे डॉक्टर आले होते. त्यातले चाळीसएक माझ्या बसमध्ये, आणि त्यांना शहर दाखवायला यार्मिला कुद्रनोव्हा.

यार्मिलाबाई आमच्याकडची सगळ्यात जुनी गाईड. साठी उलटलेली, डोक्याला गाईडची लाल टोपी, आवाज असा खणखणीत की व्ल्तावा नदीच्या पलीकडचे हंसही माना वळवतील. नवरा वारला, मूलबाळ नाही. बोलणं हाच त्यांचा संसार. आणि त्यांचा डावा कान पार गेला होता, उजवाही त्याच वाटेला लागला होता. हे फक्त मला ठाऊक. आमच्या सहल कंपनीच्या मालकानं आधीच दम दिला होता, "पाहुण्यांची आणखी एक तक्रार आली की टोपी जमा करा." त्यामुळे कान दाखवायलाही त्या जात नव्हत्या. गोष्ट फुटली तर?

"ओता," त्या मला म्हणायच्या, "मला गप्प बसवलं ना, की शवपेटीच मागव."

मग त्यांनी एक तोड काढली. प्रश्न ऐकू आला नाही की गोड हसायचं आणि ठोकून द्यायचं, "चौदावं शतक!" प्रागमध्ये हे उत्तर सहसा खपून जातं. पुलाला चालतं, चर्चला चालतं, अर्ध्या गल्ल्यांना चालतं.

नव्या गाईडांना मात्र बाई शिस्तीत शिकवायच्या. आमच्या चेक भाषेत 'नो' म्हणजे 'हो', 'हो की'. फोनवर आम्ही तासभर नुसतं 'नो, नो' करत असतो. "पाहुण्यांपुढे जिभेला लगाम घाला," बाई बजावायच्या. "नाहीतर माणूस विचारेल खोली मिळेल का, तुम्ही आनंदानं 'नो, नो' म्हणाल, आणि तो बिचारा बॅग उचलून चालू लागेल."

त्या दिवशी पुलावर हेगार्टी नावाच्या आयरिश डॉक्टरनं बाईंना विचारलं, "इथे जवळपास संडास कुठे आहे?"

"चौदावं शतक!" बाई हसून म्हणाल्या.

सगळे डॉक्टर पोट धरधरून हसले. काय विनोदी बाई आहे! जगभरातले कान इथे गोळा झालेले, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. फक्त हेगार्टी हसला नाही.

नदीकाठी बसपाशी आलो. बाकीची मंडळी गोड वळकटी पावाच्या रांगेत उभी राहिली. आमचा म्हणून खपवतात तो, आम्ही कुणी खात नाही. हेगार्टी हळूच बाईंच्या डाव्या बाजूला जाऊन म्हणाला, "तुमच्या खांद्यावर कोळी आहे."

मी दचकून पाहिलं. कोळी नव्हता. बाई ढिम्म.

मग तो समोर आला आणि सावकाश, ओठ नीट हलवत बोलला, "बाई, तुम्हाला ऐकू येत नाही, होय ना? मी तपासू का? उद्या सकाळी, गुपचूप. कुणालाही कळणार नाही."

बाईंचे डोळे भरून आले. इतकं मायेनं त्यांना कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून परकी भाषा थोडीच निघते?

"नो," त्या म्हणाल्या. "नो, नो..."

डॉक्टरनं दोन्ही हात वर केले. "माफ करा, मी आगाऊपणा केला." आणि चढून मागच्या सीटवर जाऊन बसला.

मी त्याच्या मागे धावलो. बसवाल्याला येतं तेवढ्या इंग्रजीत म्हणालो, "साहेब, नो म्हणजे येस!"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिसारी यावी असं काही बोललो. "आमच्याकडे बाई 'नो' म्हणाली की विषय संपतो."

आता या सभ्यतेपुढे काय डोकं फोडायचं!

मंडळी चढली, मी बस सुरू केली. बाई माझ्या उजव्या हाताला त्यांच्या सीटवर, म्हणजे त्यांचा डावा कान माझ्याकडे. "पाहिलंस ना, ओता," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "मी हो म्हटलं आणि तो पळाला. माझे कान पार गेलेत हे लांबूनच कळलं असणार त्याला. आता काही उपाय नाही."

"अहो बाई, तुम्ही 'नो' म्हणालात! त्याला वाटलं नको!" ओरडून सांगावं, तर मागे सगळी बस ऐकत होती. म्हणून हळू बोललो.

बाईंनी माझ्याकडे वळून गोड हसून पाहिलं. "चौदावं शतक," त्या म्हणाल्या.

मला! इतक्या वर्षांच्या सोबत्याला!

मी बस कडेला घेतली, थांबवली. मागून कुरकुर सुरू झाली. बाईंचा चेहरा माझ्याकडे वळवून नुसत्या ओठांनी म्हणालो, "येस. येस म्हणा."

त्यांचा हात कपाळावर गेला. "अगं बाई! नो म्हटलं मी? मी?"

"नो," मी म्हणालो.

बाई उठल्या. टोपी नीट केली, माईक हातात घेतला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर हेगार्टी... येस!"

कानाच्या डॉक्टरांना वाटलं, सहल संपली. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या गोंगाटात मागच्या सीटवरून एकच माणूस उठला आणि बाईंना दिसावा म्हणून मधल्या वाटेत येऊन उभा राहिला.