हनोईच्या तळ्यावरचा प्रसाद

हनोईची तिकिटं काढताना मी मुलीच्या शाळेची सुट्टी पाहिली, माझी रजा पाहिली, तिथी मात्र पाहिली नाही. परदेशातल्या, सेरंगूनच्या आमच्या घरात तिथी पाहणं आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे असतं, आणि त्यांनी ती पाहिली विमानातून उतरल्यावर. "अगं, उद्या अंगारकी!" अंगारकीला त्या चंद्र दिसेपर्यंत पाणीही घेत नाहीत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, लहानपणी मोठ्या आजारातून उठला, तेव्हाचा नवस. आता वय झालं आहे, मधुमेह आहे, आणि डॉक्टरांनी हा उपास सोडायला सांगितलं आहे. नवऱ्याला ऑफिसने ऐनवेळी अडकवल्यामुळे आम्ही तिघीच होतो. माझी भक्ती सकाळचा दिवा लावण्यापुरती. उपासाने देव प्रसन्न होतो यावर माझा विश्वास नव्हता. उपासाने साखर उतरते यावर होता. पण त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

सकाळी आम्ही तिथलं जुनं विद्यामंदिर पाहिलं. पूर्वी परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं कोरलेल्या शिळा तिथे दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या आहेत. आईंनी कासवांना लांबूनच नमस्कार केला. "आपल्याकडे गाभाऱ्यासमोर असतं तसंच. म्हणजे हेही देवाचंच घर." दुपारी होआन कीम तळ्यावर गेलो. दंतकथा अशी, की लढाईसाठी दैवी तलवार मिळालेला राजा युद्ध जिंकून या तळ्यात नौकेतून फिरत होता, तेव्हा एका कासवाने वर येऊन ती परत मागितली आणि त्याने ती देऊन टाकली. "इतक्या सहज दिली?" मी विचारलं. आई म्हणाल्या, "ज्याची होती त्याला दिली. त्यात काय एवढं?"

लाल लाकडी पूल ओलांडून बेटावरच्या देवळात पोचलो आणि आई तिथल्या मंडपातल्या बाकावर बसल्या त्या उठेचनात. कपाळावर घाम, हात थरथरत होते. मला शंका आली. "आई, सकाळची मधुमेहाची गोळी घेतलीत का?"

"घेतली की. कोरडीच गिळली. पाणी नाही घेतलं हो."

पोटात अन्नाचा कण नाही आणि वर साखर उतरवणारी गोळी! मी पर्समधून ग्लुकोजची पुडी काढली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी समजावलं, मग रागावले, मग मुलाची शपथ घातली. "त्याच्यासाठीच तर आहे," एवढंच त्या पुटपुटल्या, आणि पुढचे शब्द जड झाले. मुलगी रडकुंडीला येऊन तिच्या शाळेतल्या इंग्रजीत विनवू लागली. "आजी, प्लीज लाह, जस्ट अ बिट!" तिला मी मदत आणायला फाटकाकडे पिटाळलं. माणूस शुद्धीवर असताना त्याच्या तोंडात जबरदस्तीने काही घालता येत नाही, आणि शुद्ध गेल्यावर तर घालूच नये. घर चालवणारी, सगळं जमवणारी मी, हातात पुडी धरून नुसती उभी होते. आत कोणता देव आहे तेही मला धड ठाऊक नव्हतं. तरी गाभाऱ्याकडे पाहून मनात म्हटलं, माझं झालं करून. आता तू बघ.

तेवढ्यात एक म्हातारी बाई नैवेद्याचं तबक घेऊन बाहेर आली. आमच्यापुढून दोन पावलं गेली, थांबली, मागे वळली. तबकातली एक हिरवी वडी उचलून दोन्ही हातांनी तिने आईंपुढे धरली, आणि गाभाऱ्याकडे मान वळवून काहीतरी बोलली. भाषा कळायची गरजच नव्हती. आईंनी तिच्याकडे पाहिलं, उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा धरला. वडी कपाळाला लावली आणि खाल्ली. त्यांनी हात पुन्हा पुढे केला तेव्हा बाईने दुसरी दिली. मुलगी पहारेकऱ्याला घेऊन आली तोवर घाम सुकला होता, आणि आई त्यालाच खुणेने बसायला सांगत होत्या. मी त्या बाईला हात जोडले. ती हसली आणि पुलावरून निघून गेली.

हॉटेलवर आईंनी विचारलं, "कशाची होती गं वडी? गोड होती."

"कोवळ्या तांदळाची." मी जरा घाबरतच सांगितलं.

"असू दे. प्रसादाचं धान्य विचारत नाहीत." मग डोळे मिचकावून म्हणाल्या, "तुझी पुडी मात्र औषध होती."

त्या बाईला कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. ती आली, एवढं मला पुरे आहे. डॉक्टरांनी आता अंगारकीच्या दिवसाची गोळी बदलून दिली आहे. आणि आमच्या घरी त्या दिवशी दुपारी मी लिंबाचं सरबत करते, आधी देवापुढे ठेवते, मग आईंना नेऊन देते. त्या पेल्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि पितात. पहिल्यांदा ही माझी युक्ती होती. आता पेला देवापुढे ठेवल्यावर मीही क्षणभर थांबते, हात त्यावरून काढून घेते, आणि मगच उचलते.