कॅमेऱ्याकडे पाठ

पावसाळ्यात जंगल बंद झालं की आम्ही मोहर्लीचे सफारी गाईड रिकामे. त्या वर्षी चंद्रपूरच्या एका केबल चॅनलनं आपला जुना, कधीच बंद पडलेला प्रश्नांचा खेळ पुन्हा सुरू केला आणि मला प्रश्न लिहायचं काम मिळालं. लहानपणी मी हाच खेळ लाटण्याचा माईक करून घरभर खेळायचे. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

जुनेच सूत्रसंचालक परत आणले होते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. दोन भागांतच त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. मग नागपूरहून एक देखणा गडी आणला. त्यानं चौथ्या भागाच्या सकाळी फोन केला, मोठं काम मिळालंय, येत नाही. इकडे घुग्घुसच्या खाणीतले चौघं रात्रपाळी उरकून थेट येऊन बसलेले, समोर बल्लारपूरच्या पेपर मिलची टीम. निर्मात्या बाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला धरलं.

"तूच उभी राह्य. जमलं त पुढचे सारे भाग तुले. नाई जमलं त खेळच गुंडाळतो मी."

मी माईक हातात घेतला. दिवे लागले आणि सहा वर्षांची सवय अंगात आली. सफारीच्या उघड्या जिप्सीत गाईडची पाठ पाहुण्यांकडे, नजर पुढं, बोलणं कुजबुजत. मी तशीच स्पर्धकांकडे तोंड करून उभी राहिले, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि हळूच विचारलं, "वाघ आल्याची खबर झाडावरून कोण देतं?"

खाणीतला एकजण टेबलावर वाकला आणि तितक्याच हळू म्हणाला, "वानेर."

"कट!" बाई ओरडल्या. "कॅमेऱ्याकडे पाठ काऊन केली? आन् आवाज कुठी गेला तुझा?"

संपलं, म्हटलं. आपल्या हातानं खेळ बुडवला.

पहिल्या रांगेत खेळ पाहायला बसलेले भाऊ उठले. "बाई, आवाज नका वाढवू तिचा. मी वरडत होतो तवा लोकं टीव्ही लावून भाजी चिरत होते. आत्ता पाहा, हाललं का कोणी?"

कोणीच हललं नव्हतं. रात्रपाळीवालेसुद्धा टक्क जागे होते. बाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि कॅमेरामनला म्हणाल्या, "पुन्हा घे."

भाऊ लंगडत माझ्यापाशी आले. खांद्यांना धरून त्यांनी मला कॅमेऱ्याकडे वळवलं, आणि स्वतः उजेडातून बाजूला झाले.