डावा डोळा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. यादी करून कामं उरकणारी बाई मी. सकाळी लिहिलेलं संध्याकाळपर्यंत शिल्लक राहत नाही. हे मात्र कुठल्याच यादीत घेतलं नाही. लिहिलं असतं तर करावं लागलं असतं ना?

अक्का माझी थोरली बहीण. दाजी अळणावरला लाकडाच्या वखारीत होते. ते गेले तेव्हा प्रवीण दोन वर्षांचा, मग अक्का त्याला घेऊन आमच्याकडे हुबळीला आली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत दाजींच्या कपाळावर मुंडावळ्या आणि नजर खाली. समोर बघणारा फोटो एकच, काळा-पांढरा. एका पावसाळ्यात ओल लागून तो फ्रेमच्या काचेला चिकटला.

मी तेव्हा विद्यानगरात कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. फोटोशॉप नुकतंच हाती आलेलं — एका फोटोतला तुकडा कापायचा, दुसऱ्यावर बसवायचा, कडा पुसट करायच्या. एवढंच येत होतं. पण ऐट केवढी! अक्काला म्हटलं, दे, नवा करून आणते. सर म्हणाले होते, काचेसकट आणा, तसाच स्कॅन करू. मला कुठला धीर? घरीच ओढला. कागद सुटला आणि दोन्ही डोळे काचेवर राहिले. मग घाबरून ती काच मी नळाखाली धरली, आणि होतं तेही वाहून गेलं.

क्लासच्या कॉम्प्युटरवर सरावासाठी माझ्या नवऱ्याचा फोटो होता. त्याचे डोळे कापले आणि दाजींना बसवले.

दाजींचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक होता. मला ठाऊक नव्हतं? होतं. पण बारीक कसा करायचा, ते येत नव्हतं.

अक्कानं फोटो उजेडाकडे धरला. "डावा जरा बारीक होता ना गं यांचा?"

"जुन्या फोटोत तसं दिसायचं, अक्का. कॉम्प्युटरनं साफ केलंय. खरं हेच."

कॉम्प्युटर खोटं बोलेल, असं तेव्हा कुणाला वाटायचं? तिनं मान डोलावली. तेव्हापासून दरवर्षी श्राद्धाला त्या फोटोला हार पडतो. शेजारी नवरा उभा असतो, आणि मी हारातल्या त्याच्याच डोळ्यांना हात जोडते. अक्का पुन्हा काही विचारायला आली असती तर — पण ती नाही आली. उलट आल्यागेल्याला सांगू लागली, यांची नजर कशी सारखी, सरळ.

पुढं मी घरीच कॉम्प्युटर घेतला. नात्यातले जुने फोटो माझ्याकडे येऊ लागले.

दहावीच्या वर्षी प्रवीण फोटो काढून आला. फॉर्मला लावायचा होता. माझ्याजवळ खुर्ची ओढून बसला.

"मावशी, हा बारीक डावा डोळा फोटोतल्या अप्पांसारखा करून दे की. वर्गात मला झोपाळ्या म्हणतात."

मागं अक्का शेंगा निवडत होती. म्हणाली, "कुणावर गेलाय कुणास ठाऊक. आमच्यात तर कुणाचा नाही असा."

एक वाक्य होतं. पोरा, हाच तुझ्या अप्पांचा डोळा. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते मी बोलले असते, तर भिंतीवरून कोण बघतोय, हेही सांगावं लागलं असतं.

आता मला काम येत होतं. त्याचा उजवा डोळा उचलला, फिरवला, डाव्यावर बसवला, कडा पुसट केल्या. प्रवीण खूश झाला. अक्कानं चष्मा लावून बघितलं.

जोड कुठंच दिसत नव्हता.